फूल नसेल तर कवंद नागडं

दिवाळी अंकातली गोधडी हमखास आजीच्या उबेपाशी येऊन थांबते. आज ऊब राहू द्या. टाका कसा पडतो ते पाहू. त्यासाठी हल्याळला जावं लागेल.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड तालुक्यांच्या रानपट्ट्यात सिद्दींची वस्ती आहे. पोर्तुगिजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून माणसं आणली, त्यांतली पुष्कळ घाट चढून पळाली. त्यांचे हे वंशज. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. घरातली बोली बहुतेकांची कोकणी. अनुसूचित जमातीचा दर्जा त्यांना 2003 साली मिळाला. सिद्दी बायका शिवतात ते कवंद. उत्तर कर्नाटकातली कौदी आणि आपली वाकळ ही त्याचीच भावंडं.

अमेरिकी क्विल्टमध्ये तुकड्याला तुकडा जोडतात. तयार चौकोन 3 इंचांचा हवा तर साडेतीन इंचांचा कापायचा, कारण प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत जातो. असे 9 चौकोन जोडून एक ठोकळा, ठोकळ्याला ठोकळा जोडून वरचा पदर. मग त्याखाली कापूस नि अस्तर घालून पुन्हा वेगळे टाके.

कवंदात ही दोन्ही कामं एकाच दोऱ्याची. जुनी साडी जमिनीवर अंथरायची आणि कोपऱ्यापासून काठाकाठाने तुकडे लावत जायचं. तुकड्याची कड बोटाने आत मुडपायची, धावदोऱ्याने साडीला धरायची. तुकडाही त्यानेच बसतो, थरही त्यानेच बांधले जातात. चारही काठ फिरून झाले की आतला फेरा, मग त्याच्या आतला. शेवटचं ठिगळ मध्यावर. कागदावर काढलेला नमुना नाही. हाताशी चिंधी कोणती उरली, त्यावर पुढचा रंग ठरतो. आपल्या वाकळेचे टाकेही पुष्कळदा असेच काठावरून आत येतात.

खरी गंमत कोपऱ्यात. चौकोनी चिंधी कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, त्यावर दुसऱ्या रंगाचा लहान, त्यावर आणखी एक. असे थर कोपऱ्यांवर शिवतात. त्यांना म्हणतात फुलं. मराठी कानाला हा शब्द समजावून सांगायला नको. फुलांनी ऊब वाढत नाही. तरी ती नसली तर कवंद नागडं, असं या बायका म्हणतात. हेन्री जॉन ड्रेवाल या अमेरिकी कला-इतिहासकाराने हे नोंदवून ठेवलं आहे. 2011 साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये कवंदांचं प्रदर्शनही भरलं.

या धीट रंगांत आफ्रिका शोधणारे आहेत. शोधावी जरूर. टाका मात्र मला इथलाच, दख्खनचा वाटतो.

तुमच्या माळ्यावर एखादी जुनी वाकळ असेलच. धुवायला टाकण्याआधी ती उलटी करा, दोरा कुठून निघाला आणि कुठे संपला ते बोटाने माग काढत पाहा. आणि कोपरे तपासा.