अदृश्य सेवक

दहावीच्या परीक्षेचा निकाल लागण्याचा दिवस आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी केव्हा ना केव्हा येतोच. दुपारचा एक वाजत आलेला असतो. घरातील मंडळी मोबाइलभोवती गोळा झालेली असतात, आणि महाराष्ट्रातील सुमारे पंधरा लक्ष मुलांचे निकाल जणू एकाच क्षणी मागितले जातात. आदल्या दिवशी त्या ठिकाणी कोणी फारसे फिरकलेले नसते आणि आठ दिवसांनी पुन्हा फिरकणारही नसते. गर्दी असते ती त्या एका दुपारची. पंढरपूरच्या रहिवाशांना आषाढीची गर्दी ठाऊक असते. पण वारकरी पुष्कळ दिवस आधीपासून वाटेला लागलेले दिसतात, त्यामुळे तयारीला अवसर मिळतो. येथे मात्र सारा समुदाय एका मिनिटात दाराशी येऊन उभा राहतो.

या समुदायाला उत्तर देतो कोण? आपण बैठक क्रमांक लिहितो, तेव्हा तो क्रमांक लहरींतून व काचेच्या सूक्ष्म तंतूंतून प्रवास करीत एका दूरच्या संगणकाकडे जातो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे सेवा करणारा, सेवक. त्याला बहुधा स्वतःचा पडदा नसतो आणि कळफलकही नसतो. चपट्या ट्रंकेसारखी त्याची पेटी असते. अशा पेट्या लोखंडी मांडणीत एकीवर एक बसवितात, आणि अशा मांडण्यांच्या रांगाच रांगा ज्या इमारतीत असतात तिला डेटा सेंटर असे नाव आहे. ही यंत्रे फार तापतात. म्हणून तेथे रात्रंदिवस गार हवा खेळती ठेवावी लागते. वीज क्षणभरही खंडित होऊ नये म्हणून बॅटऱ्या व जनित्रे सज्ज असतात. पंख्यांची घरघर तर अशी असते की शेजारच्या माणसाशी बोलतानाही आवाज चढवावा लागतो.

पूर्वी ज्याला सर्व्हर हवा असे त्याने तो विकत घ्यावा अशी रीत होती. मागणी नोंदवायची, पेटी येण्याची काही आठवडे वाट पाहायची, मग ती जोडायची. यंत्रे किती घ्यावीत हा मोठाच पेच असे. गर्दीच्या दिवसाच्या मानाने घ्यावीत, तर ती वर्षभर धूळ खात पडणार. रोजच्या मानाने घ्यावीत, तर ऐन वेळी सेवकांची त्रेधा उडून दार बंद होणार.

हा पेच सुटण्याचा मार्ग २००६ साली निघाला. पुस्तकांचे दुकान म्हणून सुरू झालेल्या ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात माहिती साठविण्याची जागा, आणि ऑगस्टमध्ये चक्क संगणकच भाड्याने देण्यास आरंभ केला. भाडे तासाला दहा सेंट. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने १८५१ ते १९२२ या काळातील आपले एक कोटी दहा लक्ष लेख वाचकांना संगणकावर वाचता यावेत अशा रूपात आणण्याचे ठरविले. त्यासाठी शंभर यंत्रे भाड्याने घेतली आणि काम एका दिवसात उरकले. हिशेब तुम्हीच करून पाहा: यंत्रे शंभर, तास चोवीस, तासाला दहा सेंट. एकूण २४० डॉलर होतात. काम होताच यंत्रे परत केली. शंभर यंत्रे विकत घेऊन हे काम करायचे ठरते, तर ते कोणी मनावरही घेतले नसते.

या व्यवस्थेला क्लाउड, म्हणजे मेघ, असे नाव पडले. अभियंते संगणकांच्या जाळ्याचे चित्र काढताना, ज्या भागाच्या तपशिलाशी आपल्याला कर्तव्य नाही तेथे एक ढग काढून मोकळे होत. त्या ढगावरून हे नाव आले. नाव काव्यमय असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत या कामाची केंद्रे उघडली. तेव्हा आपल्या काही प्रश्नांची उत्तरे आकाशातून येत नसून शेजारच्या शहरातून येत असतील.

भाड्याचा संगणक ही एक आख्खी पेटी असेलच असे नाही. जुन्या वाड्यात जशी आठ-दहा बिऱ्हाडे नांदतात, तशी एका मोठ्या यंत्रात अनेक लहान यंत्रे वसविता येतात. प्रत्येकाला वाटते की घर आपल्या एकट्याचे आहे. एकाच्या खोलीतील वस्तू दुसऱ्याला दिसत नाही. नवे बिऱ्हाड हवे असेल तर भिंत बांधावी लागत नाही; दूरवरून एक आज्ञा दिली की ते मिनिटभरात तयार होते.

परंतु बिऱ्हाड मिळाले म्हणजे संसार मांडला असे होत नाही. नवी खोली रिकामी असते. त्या यंत्रात आवश्यक ते प्रोग्रॅम आणावयाचे, कोणते दार उघडे ठेवावे व कोणते बंद हे ठरवावयाचे, किल्ल्या कोणाजवळ असाव्यात ते नेमून द्यावयाचे, आणि इतर यंत्रांशी त्याची ओळख करून द्यावयाची. एकदोन यंत्रे असली तर माणूस हे सारे हाताने करू शकतो. अनेक यंत्रे झाली की काय घडू शकते, हे अमेरिकेतील नाइट कॅपिटल नावाच्या कंपनीच्या उदाहरणावरून दिसते.

ही कंपनी लोकांच्या वतीने शेअरांची खरेदी-विक्री करीत असे. १ ऑगस्ट २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात एक नवी पद्धत सुरू होणार होती. त्यासाठी कंपनीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्रॅम बसविण्याचे काम हाती घेतले. कर्मचाऱ्याने सात यंत्रांवर तो बसविला. आठवे राहून गेले. त्याचे काम दुसऱ्या कोणी तपासले नाही. त्या आठव्या यंत्रात २००३ पासून वापरात नसलेला एक जुना प्रोग्रॅम तसाच पडून होता. सकाळी बाजार उघडला, नव्या पद्धतीच्या आज्ञा सुटल्या, आणि आठव्या यंत्रात तो जुना प्रोग्रॅम जागा झाला. मागितलेली खरेदी पुरी झाली की थांबावे, हे त्याला कळेनासे झाले होते. तो खरेदी-विक्री करीतच राहिला.

गोंधळ कोठे आहे हे उमगेना. तेव्हा घाईघाईत कंपनीने ज्या सात यंत्रांवर नवा प्रोग्रॅम नीट बसला होता, त्यांवरूनच तो काढून टाकला. मग आठही यंत्रे तशीच वागू लागली! पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लक्षांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीचे शेहेचाळीस कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वीच त्या चुकीकडे बोट दाखविणारे ९७ संदेश यंत्रांनी कर्मचाऱ्यांना पाठविले होते. कोणी त्यांकडे लक्ष दिले नाही. पुढील वर्षी ही कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली.

त्या कर्मचाऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु तेच काम आठ वेळा हाताने करावयास सांगितले तर एखादी खेप कोणाच्याही हातून सुटू शकते. यावरील उपाय त्यापूर्वीच शोधला गेला होता. १९९३ साली नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक काम करीत होते. विद्यापीठातील संगणकांची निगराणी करता यावी म्हणून त्यांनी सीएफइंजिन नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातील कल्पना समजून घेण्यासारखी आहे.

समजा, एखाद्या गड्याला आपण सांगितले, ‘ओसरीवर चार कंदील आणून ठेव.’ त्याने ठेवले. आपण विसरून तीच आज्ञा पुन्हा दिली, तर ओसरीवर आठ कंदील होतील. आता आज्ञेचे शब्द बदलू: ‘ओसरीवर चार कंदील असावेत.’ गडी आधी पाहील. चार असतील तर स्वस्थ बसेल, तीन असतील तर एक आणील, पाच असतील तर एक उचलील. ही आज्ञा दिवसातून शंभर वेळा दिली तरी बिघडत नाही. बर्जेस यांच्या प्रोग्रॅमात यंत्राची पुढील कृती न सांगता त्याची हवी ती स्थिती लिहून ठेवावयाची असते. प्रोग्रॅम वरचेवर प्रत्यक्ष स्थिती तपासतो आणि फरक आढळला तर तो दूर करतो. नाइट कॅपिटलच्या बाबतीत ‘आठही यंत्रांवर हा प्रोग्रॅम असावा’ एवढे एक वाक्य लिहिलेले असते, आणि ते अमलात आणणारी अशी यंत्रणा असती, तर आठवे यंत्र सुटले नसते.

पुढे याच विचाराने २००५ मध्ये पपेट आणि २०१४ मध्ये टेराफॉर्म अशी साधने निर्माण झाली. टेराफॉर्मला तर यंत्रे भाड्याने घेण्याचे कामही सांगता येते. किती यंत्रे, कोठे, कशी जोडलेली, हे एका टिपणात लिहावयाचे. टिपण वाचून सारा कारखाना उभा राहतो. गर्दी वाढली की यंत्रे आपोआप वाढवावीत व ओसरली की कमी करावीत, असेही नेमून देता येते. अर्थात टिपणातच चूक असेल तर तीही तितक्याच निष्ठेने सर्व यंत्रांवर उतरते. फेब्रुवारी २०१७ मध्ये खुद्द ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा देताना एक चुकीचा तपशील लिहिला. फार मोठ्या संख्येने सर्व्हर निघाले, आणि असंख्य संकेतस्थळे काही तास अडखळली. त्यानंतर कंपनीने त्या साधनालाच मर्यादा घातली, की ठरावीक संख्येच्या खाली यंत्रे काढावयाचीच नाहीत.

येथवर सेवकांचे झाले. मोडलेल्या सर्व्हरच्या जागी टिपणावरून दुसरा उभा करता येतो. परंतु सेवक ज्या वहीत पाहून उत्तर देतो, ती वही हरवली तर ती टिपणावरून पुन्हा लिहिता येत नाही. या वहीला डेटाबेस म्हणतात. ती कोणत्या जातीची निवडावी, हा यंत्रांच्या संख्येहून अवघड प्रश्न आहे.

सर्वांत रूढ जात कोष्टकांची. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने ती मांडली. तोपर्यंत साठविलेली माहिती काढावयाची म्हणजे ती कोठून कोठे जोडली आहे ती वाट ठाऊक असावी लागे. कॉड म्हणाले, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि मागणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे. वाट यंत्राने शोधावी. कंदिलाच्या गोष्टीतलाच हा विचार नव्हे काय? मौज अशी की तो बर्जेस यांच्या तेवीस वर्षे आधीचा आहे.

अशा डेटाबेसांतील व्यवहार पुरा तरी होतो किंवा मुळीच होत नाही. आजोबांनी तुमच्या खात्यावर पाचशे रुपये पाठविले आणि मध्येच वीज गेली, तर त्यांच्या खात्यातून गेले पण तुमच्या खात्यात आले नाहीत, असे होऊ दिले जात नाही. रेल्वेगाडीत एकच जागा उरली असताना नागपूरच्या व पुण्याच्या प्रवाशाने ती एकाच क्षणी मागितली, तरी ती एकालाच मिळते.

परंतु फार मोठ्या कामासाठी वहीच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवाव्या लागतात, आणि प्रतींमधील तार केव्हा तरी तुटते. अशा वेळी सेवकापुढे दोनच मार्ग उरतात. ‘आता उत्तर देता येत नाही’ असे सांगावे, किंवा जवळच्या प्रतीत पाहून उत्तर द्यावे आणि ते शिळे असण्याचा धोका पत्करावा. दोन्ही एकदम साधणार नाहीत, असे एरिक ब्रूअर यांनी २००० साली सांगितले. दोन वर्षांनी ते गणिताने सिद्धही झाले. मग काय निवडावे? ते कामावर अवलंबून आहे. आगगाडीच्या जागेसाठी थांबणे बरे. ॲमेझॉनने मात्र गिऱ्हाइकाच्या पिशवीसाठी दुसरा मार्ग धरला. दुकानात वस्तू घेणाऱ्याला कधीही ‘नंतर या’ म्हणू नये, असे ठरवून त्यांनी डायनॅमो नावाची व्यवस्था रचली व २००७ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तीत पिशवीच्या दोन प्रतींचा मेळ बसेना तर दोहोंतील वस्तू एकत्र करीत. त्यामुळे काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा पिशवीत दिसे. पण घेतलेली वस्तू नाहीशी होत नसे. दुकानदाराच्या दृष्टीने हा तोटा परवडण्याजोगा होता.

डेटाबेस कोणत्याही जातीचा असो, त्याची प्रत राखावीच लागते. गिटलॅब ही कंपनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम जपून ठेवण्याची सोय करते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या डेटाबेसची दुसरी प्रत मूळ प्रतीच्या मागे पडू लागली. एका अभियंत्याने ती दुसरी प्रत पुसून नव्याने भरण्याचे ठरविले. त्याच्यासमोर दोन यंत्रांच्या खिडक्या होत्या. आज्ञा गेली ती मूळ यंत्राला. एकदोन क्षणांतच त्याच्या ध्यानी आले व त्याने ती थांबविली, पण सुमारे तीनशे गिगाबाइट माहितीपैकी साडेचारच उरली होती.

कंपनीजवळ प्रती राखण्याच्या एक सोडून पाच तजविजी होत्या. पाहू जाता त्यांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. रोजची प्रत घेणारा प्रोग्रॅम जुळत नसलेल्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो रोज अपयशी ठरे. आणि तसे कळविणारी त्याची पत्रे टपाल व्यवस्था नाकारीत असे, म्हणून कोणाला त्याचा पत्ताच नव्हता. सुदैवाने, त्याच दिवशी सहा तास आधी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी एक प्रत घेऊन ठेवली होती. तीवरून सारे पूर्ववत करण्यास सुमारे अठरा तास लागले, आणि ते काम कंपनीने जगाला थेट दाखविले. पुढे प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्या अभियंत्याचे नाव दिलेले नाही. लोकांच्या प्रोग्रॅमांचा मजकूर वेगळ्या जागी होता, तो वाचला. मधल्या सहा तासांत लिहिले गेलेले सुमारे पाच हजार अभिप्राय आणि नव्याने नोंदविलेली सुमारे सातशे नावे मात्र परत मिळाली नाहीत.