मोगऱ्याची लागवड व घरच्या घरी रोपांची निपज

मोगरा हे अनेक वर्षे टिकणारे, उष्ण हवामान मानवणारे झुडूप आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा व विक्रमगड या तालुक्यांतील अनेक आदिवासी शेतकऱ्यांनी त्याची लागवड केली आहे. या भागात भाताची कापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडतात. मोगऱ्याचा मुख्य बहर मात्र नेमका मार्च ते जून या महिन्यांत येतो. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात थोडे पाणी टिकते, त्याला घरी राहून चार पैसे मिळविण्याचा हा एक मार्ग आहे.

जमीन व लागवड

पाण्याचा उत्तम निचरा होणारी मध्यम पोयट्याची जमीन व दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत झाड पानांनी डवरते, परंतु कळ्या कमी धरते. पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात. उन्हाळ्यात १.२ मीटर अंतरावर ४५ सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते तापू द्यावेत. पावसाच्या सुरुवातीस प्रत्येक खड्ड्यात सुमारे १० किलो कुजलेले शेणखत मातीत मिसळून भरावे व रोप लावावे. या अंतराने एका गुंठ्यात सुमारे ७० झाडे बसतात.

रोपे कशी तयार करावीत

मोगऱ्यास सहसा बी धरत नाही, म्हणून फाटे कलम किंवा दाब कलम करावे लागते. अशा कलमाचे रोप मूळ झाडासारखेच निपजते. यास्तव भरपूर व टपोऱ्या कळ्या देणारी निरोगी झाडे बहरातच हेरून त्यांस खूण करून ठेवावी.

फाटे कलमासाठी जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. फार कोवळी नाही व फार जून नाही अशी काडी निवडून तिचे तीन-चार डोळ्यांचे, १५ ते २० सेंटीमीटर लांबीचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळ्या बहुधा तेथूनच फुटतात. खालची पाने काढून टाकावीत. मुळे फुटण्याचे संजीवक मिळाल्यास ते लावावे. वाळू, माती व शेणखत यांच्या भुसभुशीत मिश्रणाने भरलेल्या पिशवीत किंवा गादीवाफ्यावर तुकड्याचे दोन डोळे मातीत जातील असे लावावे. सावली व ओल कायम ठेवावी. परंतु चिखल होऊ देऊ नये. पाच-सहा आठवड्यांत मुळ्या धरतात व तीन-चार महिन्यांत रोप लावण्याजोगे होते.

दोन-चारच रोपे हवी असतील तर दाब कलम सोपे पडते. पावसाळ्यात जमिनीलगतची फांदी वाकवून डोळ्याखाली हलकासा काप घ्यावा, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवावा व शेंडा बाहेर राहू द्यावा. पुरेशा मुळ्या फुटल्यावर मूळ झाडाकडील बाजूने फांदी कापून रोप अलग करावे.

ताण व छाटणी

अंगणातला मोगरा हिरवागार असूनही फुलत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. वर्षभर पाणी घातले व छाटणी टाळली, तर झाडावर जुन्या फांद्यांचीच गर्दी होते. म्हणून पाऊस संपल्यावर पाणी हळूहळू तोडावे. झाडाने काही पाने गाळली तरी भिण्याचे कारण नाही. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात जमिनीपासून सुमारे ५० सेंटीमीटर उंचीवर धारदार कात्रीने छाटणी करावी व वाळक्या, रोगट फांद्या काढून टाकाव्यात. त्यानंतर आळी खणून शेणखत द्यावे व पाणी सुरू करावे.

पूर्ण वाढलेल्या झाडास वर्षाला ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद व १२० ग्रॅम पालाश द्यावे, अशी तामिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. ही मात्रा छाटणीनंतर व जून-जुलैत, अशा दोन हप्त्यांत विभागावी. आपल्या जमिनीची माती तपासून तीत फेरफार करावा.

रोग-किडी

नवी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची उणीव समजावी व १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावे. पाने फिकट पडून पाठीमागे बारीक जाळी दिसल्यास तो लाल कोळ्यांचा उपद्रव होय. त्यावर १ लिटर पाण्यात २ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे, मात्र भर उन्हात फवारू नये. कळी पोखरणाऱ्या अळीने किडलेल्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात.

तोडणी

पूर्ण वाढलेली, पांढरी, परंतु न उमललेली कळी भल्या पहाटे तोडावी. उमललेल्या फुलास बाजारात भाव मिळत नाही. बहरात ही तोडणी रोजच्या रोज करावी लागते. म्हणून जमीन किती आहे यापेक्षा पहाटे तोडणीस घरातील किती हात मोकळे आहेत, हे पाहून झाडांची संख्या ठरवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एका होतकरू शेतकऱ्याकडे गुंठाभर लागवड करवून घ्यावी व छाटणीच्या दिवशी शेजाऱ्यांना तेथे बोलवावे. पुढच्या पावसाळ्यात त्याच झाडांच्या काड्यांपासून गावाची रोपे गावातच तयार होतील व विकतच्या रोपांवरील खर्च वाचेल.