काशीचा मध्याह्न आणि दर्यावर्दींचे पंचांग

गंगेच्या पूर्वतीरावर, काशीसमोर, रामनगरचा किल्ला उभा आहे. महाराजा बलवंतसिंहांनी अठराव्या शतकात तो बांधविला. तेथील संग्रहालयात शस्त्रे व पालख्या यांच्या जोडीला एकोणिसाव्या शतकातील एक मोठे खगोलीय घड्याळ आहे. तासांबरोबरच वार, महिना, वर्ष आणि सूर्यचंद्रांची स्थिती दाखविण्यासाठी ते घडविले गेले. ज्या नगरीची रामलीला अनंतचतुर्दशीला आरंभते, तिला केवळ तास सांगणारे घड्याळ कसे पुरावे?

परंतु घड्याळ काळ निर्माण करीत नाही. वेळ त्याला आकाशाकडूनच मागून घ्यावी लागते. पैलतीरी मानमंदिरात सवाई जयसिंहांनी उभारलेल्या वेधशाळेतील सम्राटयंत्र हे त्याचेच साधन होय. त्याच्या भिंतीची तिरकी कड काशीच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे सव्वापंचवीस अंशांनी, चढती असल्यामुळे तिचा रोख ध्रुवाकडे असतो. तिची छाया दोन्ही बाजूंच्या अंशांकित चापांवरून सरकते आणि स्थानिक वेळ सांगते.

येथे ‘स्थानिक’ हा शब्द महत्त्वाचा. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात; म्हणून काशीनंतर सुमारे ४० मिनिटांनी मुंबईत मध्याह्न होतो. खलाशांना हाच फरक वाटाड्या ठरला. मूळ बंदराची वेळ अचूक राखणारे घड्याळ जवळ असले, की भरसमुद्रातील मध्याह्नावरून रेखांश काढता येई. जॉन हॅरिसनच्या अशा घड्याळाची सागरी परीक्षा १७६१ साली सुरू झाली. १७६७ पासून इंग्लंडचे नाविक पंचांग सूर्यचंद्रांची स्थाने देऊ लागले.

दर्यावर्दींसाठी रचलेले हे पंचांग पुढे गंगातीरी उपयोगी पडले. १८४२ पासून काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकविणारे महाराष्ट्रीय पंडित बापूदेव शास्त्री यांनी आपल्या पंचांगाचे गणित त्याच्याच आधारे केले. हा केवळ आकडेमोडीचा प्रश्न नव्हता. जुन्या सारण्यांतील तिथी आणि आकाशातील तिथी यांत काही घटकांचे अंतर पडले, तरी उपवासाचा वा श्राद्धाचा दिवस बदलू शकतो. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या या पंडिताला परंपरा परकी नव्हती. ग्रंथातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ राहावा, एवढीच त्यांच्या गणिताची मागणी होती.

भिंतीची छाया, दरबारी घड्याळ आणि नाविकांचे पंचांग ही तिन्ही साधने भिन्न. पण तिन्हींची शेवटची साक्ष आकाशच.