हसताना दचकविण्याचे गणित

‘झपाटलेला’ लहानपणी पाहिलेल्या कोणालाही त्या चित्रपटाविषयी विचारावे, तो हमखास दोन गोष्टी सांगतो. तात्या विंचू या बाहुल्याची नक्कल तो आजही करून दाखवितो आणि त्याच बाहुल्याच्या धास्तीने त्या वयात रात्री झोप कशी उडाली होती, हेही सांगतो. एकाच पात्राने हसविले आणि घाबरविलेही. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. त्यानंतर तीन दशकांनी, २०२४ मध्ये ‘मुंज्या’ आणि ‘स्त्री २’ या हिंदी भयविनोदी चित्रपटांनी तिकीटबारीवर घसघशीत यश मिळविले. थोडे भूत, थोडे विनोद, की चित्रपट तयार, असा समज होण्यास एवढे पुरेसे होते.

प्रत्यक्षात हा प्रकार मोठा बेभरवशाचा आहे. निव्वळ विनोदी चित्रपटात दोन विनोद फसले तरी तिसरा सावरून घेतो. भयविनोदी चित्रपटात मात्र चुकीच्या क्षणी आलेले एक हसू पुढच्या वीस मिनिटांची भीती पुसून टाकते. भुताला प्रेक्षक एकदा हसला, की ते भूत पुन्हा उभे करणे जवळजवळ अशक्य होते.

वास्तविक भीती आणि हसू या एकाच घरातल्या दोन बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या गोष्टी आहेत. दोन्हींत आधी ताण वाढवीत न्यायचा असतो आणि मग तो अकस्मात सोडायचा असतो. दार करकरते, पात्र दबकत पुढे जाते, प्रेक्षक श्वास रोखतो. दारामागून मांजर निघाले तर हशा, हात निघाला तर किंकाळी. फरक आहे तो माहितीच्या वाटपात. विनोदात प्रेक्षकाला बहुधा पात्रापेक्षा जास्त ठाऊक असते. केळ्याची साल त्याला दिसलेली असते, चालणाऱ्याला नाही. भयपटात त्याला पात्राइतकेच किंवा त्याहूनही कमी ठाऊक असते. पटकथाकाराचे खरे काम कोणत्या प्रसंगात प्रेक्षकाला किती सांगायचे, हे ठरविण्याचे. संवादांतील कोट्या फार नंतर येतात.

या प्रकाराचा पहिला धडा हॉलिवूडने १९४८ मध्येच घालून दिला. ‘अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ या चित्रपटात त्या काळची लोकप्रिय विनोदी जोडी युनिव्हर्सल स्टुडिओच्या भयपटांतील राक्षसांसमोर उभी केली होती. ड्रॅक्युलाच्या भूमिकेत बेला लुगोसी होते, लांडगामाणसाच्या भूमिकेत लॉन चेनी ज्युनियर. १९३१ आणि १९४१ मध्ये याच भूमिकांनी त्यांनी प्रेक्षकांना घाबरविले होते. येथेही ते तसेच गंभीरपणे वावरतात. विनोद करण्याची जबाबदारी केवळ घाबरणाऱ्या दोघांवर आहे. ड्रॅक्युलाने स्वतः डोळा मारला असता, तर ती फजिती ठरली असती.

‘झपाटलेला’ टिकला तो याच कारणाने. मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली, हे सर्वश्रुत आहे. मरणाच्या दारातला गुंड मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि पुन्हा माणूस होण्यासाठी त्याला ज्याच्यापाशी त्याने आपले गुपित सर्वप्रथम उघड केले त्याच्याच देहात शिरावे लागते, हा नियमही तिथलाच. परंतु कोठारे यांनी एक बदल केला आणि त्याने चित्रपटाची जातच पालटली. अमेरिकी चित्रपटात बाहुला एका सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. तेथे विनोदाला फारसा वाव नाही, कारण संकटातल्या लहान मुलाला कोणी हसत नाही. मराठीत तो पडला शब्दभ्रमाची हौस असलेल्या भोळ्याभाबड्या लक्ष्याच्या हाती. आता बाहुला बोलला, तरी लोकांना वाटणार की लक्ष्याच बोलतो आहे. त्याने जीव तोडून खरे सांगितले, तरी लोक हसणार. लोक जितके हसतील तितका तो एकटा पडणार आणि तो जितका एकटा पडेल तितका बाहुला जवळ येणार. विनोद आणि भय यांना येथे वेगवेगळे प्रसंग शोधावे लागत नाहीत. एकाच प्रसंगाची ती दोन टोके होतात.

या योजनेला दोन माणसांनी जीव दिला. बोलक्या बाहुल्यांचा वारसा वडिलांकडून, ‘अर्धवटराव’चे जनक य. के. पाध्ये यांच्याकडून मिळालेले शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी तात्या विंचू घडविला आणि हलविला. दिलीप प्रभावळकर यांनी त्याला आवाज दिला. तो आवाज ऐकावा. त्यात विनोदवीराचा लाडिकपणा नाही. एक चिडलेला, कपटी, घाईला आलेला माणूस लाकडी तोंडातून बोलतो आहे. बाहुला हास्यास्पद दिसतो, पण त्याला स्वतःला आपण हास्यास्पद आहोत, हे ठाऊक नाही.

शिवाय तो खरोखर तिथे आहे. संगणकाने काढलेल्या भुताला वजन नसते, नटाची नजर हवेत कुठे तरी स्थिरावते. बाहुल्याला वजन असते, त्याची सावली जमिनीवर पडते आणि त्याच्याकडे पाहताना नटाला पाहण्याचा अभिनय करावा लागत नाही. मर्यादाही आहेतच. हलविणारा माणूस चौकटीबाहेर ठेवायचा म्हणजे दृश्याची चौकट आवळावी लागते, बाहुल्याची धाव एका सलग दृश्यात दाखविणे अवघड जाते, कापाकापी करावी लागते. गंमत अशी, की या अडचणी भीतीच्या पथ्यावरच पडतात. विनोदाला मोकळी चौकट लागते; पडणारा माणूस, पाडणारी वस्तू आणि बघणारे लोक एकत्र दिसावे लागतात. भयाला अरुंद चौकट लागते, कारण दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही त्यावर ते जगते.

विनोद आणि भय सरमिसळ न होऊ देता शेजारी ठेवण्याचे सर्वांत धाडसी उदाहरण म्हणजे जॉन लँडिस यांचा ‘अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’. या पटकथेचा पहिला खर्डा त्यांनी १९६९ मध्ये लिहिला आणि चित्रपट पडद्यावर आला १९८१ मध्ये. मधली वर्षे पैसा उभा राहिला नाही, कारण ही संहिता विनोदी मानायची तर फार भयंकर आणि भयपट मानायचा तर फार गमतीची, असे पैसेवाल्यांना वाटत होते. चित्रपटात लांडगामाणसाच्या हल्ल्यात मेलेला मित्र रुग्णालयात भेटायला येतो. गळा फाटलेला आहे आणि तो नाश्त्याच्या ताटातला टोस्ट मागतो. दर भेटीत त्याचे शरीर अधिक सडत जाते, बोलण्याचा सूर मात्र कॉलेजच्या कट्ट्यावरचाच राहतो. मात्र नायकाचे लांडग्यात रूपांतर होते, तेव्हा लँडिस बोलाचा विनोद जवळजवळ थांबवितात. लख्ख उजेडातल्या खोलीत हाडे ताणली जातात आणि माणूस वेदनेने ओरडतो. या रंगभूषेसाठी रिक बेकर यांना त्या वर्षी नव्याने सुरू झालेले सर्वोत्कृष्ट रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. पार्श्वभूमीला एक संथ प्रेमगीत वाजत राहते, एवढाच काय तो वाकडा चिमटा.

ब्रिटिश दिग्दर्शक एडगर राइट यांच्या २००४ च्या ‘शॉन ऑफ द डेड’मध्ये माहितीचे वाटप कसे करावे, याचा वस्तुपाठ आहे. नायक सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, हे आपण एका सलग दृश्यात पाहतो. दुसऱ्या दिवशी तो त्याच वाटेने, तसाच जांभया देत जातो. मधल्या काळात शहर चालत्या प्रेतांनी भरले आहे. दुकानातल्या शीतकपाटावर रक्ताळलेले पंजे उमटले आहेत. प्रेक्षकाला सारे दिसते, त्याला काही दिसत नाही. हा शुद्ध विनोद. परंतु उत्तरार्धात याच माणसाला चावा घेतल्या गेलेल्या आपल्या आईवर गोळी झाडावी लागते आणि त्या प्रसंगात दिग्दर्शक कोणतीही सवलत देत नाही. तिथे कोणी जिवंत राहील की नाही, याविषयी शंका उरली नसती, तर आधीचे हसूही पोकळ ठरले असते.

भारतात लिहिणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. भूत खरे की खोटे? ‘झपाटलेला’ आला त्याच १९९३ साली फाजिल यांचा ‘मणिचित्रताळ्’ हा मल्याळम चित्रपट आला. जुना वाडा, बंद खोली, सूडाला पेटलेली नर्तकी आणि घाबरट नातेवाइकांची धमाल, असा सारा सरंजाम त्यात आहे. उत्तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ देतो: वाड्यात भूत नाही, एका बाईचे मन दुभंगले आहे. या भूमिकेसाठी शोभना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रीकरणात दुसऱ्या पथकाचे काही काम प्रियदर्शन यांनी सांभाळले होते. २००७ मध्ये त्यांनीच त्याचे हिंदी रूप ‘भूलभुलैया’ या नावाने केले. पुढे अनीस बझ्मी यांच्या ‘भूलभुलैया २’मध्ये, २०२२ साली, भूत खरेच निघाले. नाव तेच राहिले, भूमिका उलटी झाली.

ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे हा प्रश्न केवळ पटकथेचा नाही. मांत्रिकाच्या नादी लागून घर धुऊन निघालेली माणसे प्रेक्षागृहातही बसलेली असू शकतात. चित्रपटातले भूत खरे असले म्हणून तो अंधश्रद्धेचा प्रचार ठरत नाही. परीकथेतला राक्षसही खराच असतो. पण भुताचा इलाज सांगणारा माणूस कसा रंगविला आहे, यावर बरेच अवलंबून असते. म्हणूनच या चित्रपटांत बहुधा एक अर्धवट जाणकार असतो. ‘स्त्री’मध्ये पंकज त्रिपाठी यांचा पुस्तकवाला रुद्र, ‘मुंज्या’मध्ये सत्यराज यांनी रंगविलेला भूत उतरविणारा. भूत कधी येते, काय केल्याने थांबते, हे रूक्ष नियम याच्या तोंडी घातले, की प्रेक्षक हसता हसता ते ऐकून घेतो आणि त्या अधिकारवाणीवर विश्वासही ठेवत नाही. नियम मात्र पक्के असावे लागतात. शेवटच्या रिळात सोयीसाठी ते मोडले, तर भीती आणि विनोद दोन्ही एकदमच कोसळतात. हिंदीतील कित्येक भूतपट नेमके इथेच आपटले आहेत.

अमर कौशिक यांचा ‘स्त्री’ २०१८ चा. मध्य प्रदेशातील चंदेरीत रात्री फिरणारी एक बाई पुरुषांना पळविते, म्हणून पुरुष दिवेलागणीला घरात दडतात आणि बायकांना लवकर परत या, म्हणून विनवितात. भिंतीवर ‘उद्या ये’ असे लिहून भुताला परतविण्याची ही कल्पना कर्नाटकातील ‘नाळे बा’ या दंतकथेवरून आली. येथे हशा आहे तो घाबरलेल्या पुरुषांच्या केविलवाणेपणाला. त्या बाईवर झालेला अन्याय चित्रपट थट्टेवारी नेत नाही. ‘मुंज्या’ मराठी दिग्दर्शकाचा, आदित्य सरपोतदार यांचा. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक. कोकणातल्या माजघरात हडळ, वेताळ, चकवा यांच्या गोष्टी सांगणाऱ्या आजीला भयविनोद वेगळा शिकावा लागला नव्हता. सांगता सांगता ती स्वतःच हसे आणि मग अचानक आवाज खाली नेई. सरपोतदार यांनी त्याआधी २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ मराठीत केला होता. डोंबिवलीतली टोलेजंग इमारत, शेजारची वस्ती आणि पाण्याचा प्रश्न यांत चालती प्रेते सोडल्यावर विनोद बाहेरून आणावा लागत नाही. ‘मुंज्या’तले संगणकी भूत चपळ आहे, खोडकर आहे, मात्र ते पडद्यावर फार वेळ राहते आणि सवयीचे होते, हे नमूद करायला हवे. तात्या विंचूची एवढी सवय कधी झाली नाही.

कोठारे यांनी तात्या विंचूला २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’द्वारे परत आणले, तेही त्रिमितीत. बाहुला तोच होता, आवाज प्रभावळकरांचाच होता, तंत्र कितीतरी पुढे गेले होते. लक्ष्या नव्हता. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले होते आणि या वेळी बाहुल्यासमोर लक्ष्याचा मुलगा उभा होता, आदिनाथ कोठारे यांनी साकारलेला. देखणा, धीट, आजचा तरुण. पहिला चित्रपट आज पुन्हा लावला, तर लक्षात येते की बाहुला पडद्यावर येण्याआधीच प्रेक्षक हसू आणि घाबरू लागलेला असतो. कारण त्या क्षणी पडद्यावर असतो फक्त बेर्डे यांचा चेहरा: डोळे विस्फारलेले, ओठ हलताहेत, शब्द फुटत नाही.