आज्ञावलींच्या समांतर चाचण्या : वेग आणि विश्वासार्हता

मोठी आज्ञावली लिहिणे जितके कष्टाचे, तितकेच तीत बदल केल्यावर पूर्वीचे काही बिघडले नाही ना, याची खात्री करून घेणेही कष्टाचे असते. यासाठी आज्ञावलीबरोबरच तिच्या शेकडो लहानमोठ्या चाचण्या लिहून ठेवतात. या समुदायास चाचणीसंच म्हणतात. प्रत्येक बदलानंतर संपूर्ण संच चालवावा, असा दंडक आहे. परंतु संच वाढत जाऊन त्यास तासभर लागू लागला, की हा दंडक पाळला जात नाही. मग अनेक बदल साठवून संच एकदाच चालविला जातो, आणि चाचणी अयशस्वी झाली म्हणजे दोष नेमका कोणत्या बदलाने शिरला, हे शोधण्यात दिवस जातो. यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे चाचण्या एकामागून एक न चालविता अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी चालविणे. हा उपाय कितपत फलदायी होतो व कोठे फसतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

काम वाटून घेण्याची ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तो याच तत्त्वावर. ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक प्रक्रियक परस्परांस जोडून त्यांच्याकडून एकत्रित काम करवून घेण्यात आले. तथापि प्रक्रियक वाढविले म्हणजे त्याच प्रमाणात वेळ घटतो, असे मात्र नाही.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले की, कामाच्या ज्या भागाची वाटणी होऊ शकत नाही, तोच अखेर वेगाची मर्यादा ठरवितो. समजा, एका संचास साठ मिनिटे लागतात. पैकी सहा मिनिटे आज्ञावली कंपाइल करणे व डेटाबेस उभारणे यांत जातात आणि उरलेली चोपन्न मिनिटे प्रत्यक्ष चाचण्यांची आहेत. चार प्रक्रियक लावल्यास सुमारे साडेएकोणीस मिनिटे लागतील. पण प्रक्रियक कितीही वाढविले तरी सहा मिनिटांखाली येणे अशक्य. आता या संचात एकच चाचणी आठ मिनिटांची असेल, तर ती दुभंगल्याखेरीज चौदा मिनिटांहून कमी वेळ लागणार नाही. म्हणजे सातांपुढील सर्व प्रक्रियक निरुपयोगी होत. यावरून असे दिसते की, नवीन यंत्रे मागविण्यापूर्वी प्रत्येक चाचणीचा वेळ मोजणे हे पहिले कर्तव्य होय.

वाटणीच्या क्रमालाही महत्त्व आहे. दोन-दोन मिनिटांच्या चार चाचण्या आणि आठ मिनिटांची एक, अशा पाच चाचण्या दोन प्रक्रियकांवर चालवावयाच्या आहेत असे धरू. लहान चाचण्या आधी घेतल्यास चार मिनिटांत त्या संपतील, मग मोठी सुरू होईल व एकूण बारा मिनिटे लागतील. मोठी आधी घेतल्यास आठच मिनिटे पुरतात. रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले की, परस्परांवर अवलंबून नसलेली कामे कोणत्याही क्रमाने, मोकळा होईल त्या यंत्राला देत गेल्यास लागणारा वेळ उत्तमातील उत्तम वेळेच्या दुपटीपर्यंत जात नाही. दीर्घतम काम प्रथम घेण्याचा नियम पाळल्यास तो चार-तृतीयांशाच्या आत राहतो, हे त्यांनी १९६९ मध्ये दाखविले.

परंतु 'परस्परांवर अवलंबून नसलेली' ही अटच व्यवहारात सर्वांत अवघड ठरते. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या ग्रामनामातील 'रंगारी' शब्द कापड रंगविणाऱ्याचा वाचक आहे. एका रंगाऱ्याने पिंपात नीळ कालविली आणि त्याच वेळी दुसऱ्याने त्याच पिंपात हळद टाकली, तर दोघांचेही कापड हिरवट निघेल. कारागिरी दोघांचीही निर्दोष असेल. दोष पिंप सामायिक असण्यात आहे. चाचण्यांचेही असेच आहे. एक चाचणी ग्राहकाची नोंद करून तक्त्यात एकच नोंद आहे ना, हे पाहते. त्याच क्षणी दुसरी तेथे आपली नोंद घालते. पहिली अयशस्वी ठरते, आणि आज्ञावलीत मात्र दोष नसतो. याहून फसवी ती चाचणी, जी आधीच्या चाचणीने मागे ठेवलेल्या नोंदीवर गुपचूप विसंबून असते. ओळीने चालविताना ती नित्य यशस्वी होते. क्रम मोडताच कोसळते.

इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचे प्रतिष्ठानाच्या प्रकल्पांतील अशा लहरी चाचण्यांचा अभ्यास केला. अपेक्षित उत्तराची नीट वाट न पाहणे, एकाच वेळी चालणाऱ्या क्रियांचा परस्परांस अडथळा होणे आणि चाचण्यांच्या क्रमावरील अवलंबन, ही तीन कारणे त्यांना प्रमुख आढळली.

उपाय तत्त्वतः सोपे आहेत. प्रत्येक प्रक्रियेस स्वतंत्र डेटाबेस व स्वतंत्र तात्पुरती फाइल द्यावी. चाचणी संपताच तिने केलेले फेरफार मागे घ्यावेत. ठराविक सेकंद थांबण्याऐवजी अपेक्षित स्थिती येईपर्यंत, पण मर्यादित काळ, वाट पाहावी. समांतर चालविण्यापूर्वी संच यादृच्छिक क्रमाने वारंवार चालवून छुपी अवलंबने उघडी पाडावीत. आणि तो क्रम नोंदवून ठेवावा, म्हणजे अपयश पुन्हा घडवून तपासता येईल.

ही शिस्त न पाळता मिळविलेला वेग महाग पडतो. चाचणी अयशस्वी झाली की 'पुन्हा चालवून पाहू' अशी सवय जडते, आणि मग एके दिवशी खरा दोषही त्याच सवयीने दुर्लक्षिला जातो. साठ मिनिटांचा विश्वसनीय निकाल पंधरा मिनिटांच्या संशयास्पद निकालाहून केव्हाही श्रेयस्कर. वेळ आणि विश्वास दोन्ही साधावयाचे असतील, तर चाचण्यांचे परस्परस्वातंत्र्य प्रथम साधले पाहिजे. प्रक्रियकांची संख्या हा त्यानंतरचा विचार होय.