बुरशी तीच, वाण वेगळे

आषाढ लागला की अकोले तालुक्याचा पश्चिम भाग ओळखू येत नाही. घाटघर, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाचा पायथा, जिकडे बघावं तिकडे कातळातून पाणी पाझरतं. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी-जामखेडकडे, शेतकरी तेव्हा आभाळाकडे बघत बसलेला असतो. इथे मात्र धुकं, गारवा आणि रात्रभर बेडकांचा गजर. बेडकांना मानवणारी ही ओल आणि हा गारवा एका बुरशीलाही तितकाच मानवतो. बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे तिचं लांबलचक नाव. आपण तिला कायट्रिड म्हणू. १७ ते २५ अंश सेल्सियस तापमानात ती जोमात वाढते, तिशीच्या आसपास मरायला लागते.

तिचं जगणं थक्क करणारं आहे. बुरशी म्हटलं की शिळ्या भाकरीवरची हालचाल न करणारी लव डोळ्यापुढे येते. कायट्रिडचे बीजाणू मात्र शेपटीसारखा एक धागा हलवत पाण्यात चक्क पोहतात. बेडकाच्या कातडीत शिरतात, तिथे वाढतात आणि चार-पाच दिवसांत नव्या बीजाणूंची फौज बाहेर सोडतात. बेडूक कातडीनेच पाणी पितो, काही प्रमाणात श्वासही तिनेच घेतो आणि अंगातले क्षारही तीच सांभाळते. ती बिघडली की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय थांबतं.

शास्त्रज्ञांनी या बुरशीला नाव दिलं ते १९९९ मध्ये. तोवर ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतले ओढे मुके होऊ लागले होते. २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार या रोगामुळे किमान ५०१ उभयचर जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. एका रोगाने पृष्ठवंशीय प्राण्यांचा एवढा संहार केल्याची दुसरी नोंद नाही.

मग सह्याद्रीत काय? २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर, आनंद पाध्ये, संजय मोलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ही बुरशी सापडल्याचं प्रसिद्ध केलं. अकोल्याचे डोंगर याच उत्तर सह्याद्रीचे. तीन जातींवर ती मिळाली आणि तिन्ही जगात फक्त पश्चिम घाटात राहणाऱ्या. पहिली, ओढ्याकाठचा रातबेडूक निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. दुसरा लीथचा बेडूक. त्याच्या कुळातली पिल्लं ओल्या कातळाला चिकटून वाढतात. तिसरा मुंबईचा झुडपी बेडूक. मला या तिसऱ्याचं फार नवल वाटतं. त्याच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो, पाण्यात पोहणारं पिल्लू नसतंच. तरीही पोहणाऱ्या बुरशीने त्याला गाठलं.

या बुरशीची जनुकं तपासल्यावर ती आशियातल्याच एका जुन्या वाणाची निघाली. लीथच्या आणि झुडपी बेडकांच्या अंगावर रोगाची कसलीही खूण नव्हती. रातबेडकांची कातडी मात्र तपकिरी पडली होती, तिच्यावर जखमा होत्या, ती सोलली जात होती. पुढे २०१५ मध्ये हाच आशियाई वाण पश्चिम घाटात सर्वदूर असल्याचं दिसलं.

ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत कहर करणारा वाण निराळा. बीडी-जीपीएल या नावाने तो ओळखला जातो आणि आज तो बहुतेक खंडांवर पोचला आहे. २०१८ मध्ये जगभरातल्या २३४ नमुन्यांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा बुरशीचं मूळ घर पूर्व आशियात, कोरियाच्या आसपास असल्याचं निघालं. संहारक वाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरू लागला, म्हणजे माणसाने बेडूक जहाजांतून देशोदेशी न्यायला सुरुवात केली त्याच सुमाराला. दक्षिण आफ्रिकेतला केप वाण त्यामानाने सौम्य. युरोपातल्या भेकांना प्रयोगशाळेत दोन्हींची लागण केली, तेव्हा जीपीएलने जास्त बळी घेतले.

तर मग आपला वाण मवाळ, असं म्हणून मोकळं व्हावं का? इथेच खरी मेख आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांना कोरियातल्या जुन्या वाणाची लागण केली, आणि ते मेले. मायदेशात निमूट राहणाऱ्या वाणाची धार जराही बोथट झालेली नव्हती. कोरियातल्या बेडकांनी पिढ्यानपिढ्या त्याला तोंड देत प्रतिकार कमावला होता. म्हणून वाण किती घातक, हे एकट्या वाणाकडे बघून सांगता येत नाही. समोर कोणता बेडूक आहे आणि दोघांची ओळख किती जुनी, हेही पाहावं लागतं. सह्याद्रीतला रातबेडूक तर घरच्याच वाणाने जखमी दिसला.

ब्राझीलच्या जंगलात याहून विलक्षण गोष्ट घडली. तिथला जुना वाण आणि बाहेरून आलेला जीपीएल एकत्र आले आणि त्यांचा संकर झाला. काही स्थानिक बेडकांना हा संकर दोन्ही मूळ वाणांपेक्षा भारी पडला. जिथे जुना वाण आधीच वस्तीला आहे, तिथे परका येऊन मिळाला की असा तिसरा जन्मू शकतो. आणि परका येताना दिसत नाही. पोहणाऱ्या पिल्लाच्या तोंडाचाच भाग तेवढा मोठ्या बेडकाच्या कातडीसारखा कठीण असतो. बुरशी तेवढ्या जागेत राहते, पिल्लू धडधाकट पोहत असतं. ते बेडूक होतं, सगळ्या अंगाची कातडी तयार होते आणि मग बुरशीला सगळं अंग मोकळं मिळतं.