अंड्याविना कस्टर्ड

१९७०च्या दशकात माझी प्राथमिक शाळा इंग्लंडात झाली. दुपारच्या जेवणानंतर गरम पुडिंग असायचं. पण वाफवलेल्या पुडिंगात बहुतेकदा गुरांची चरबी! आईने बजावलेलं, "तू नुसतं कस्टर्ड घे." मग वाढणाऱ्या बाई माझ्या वाटीत पळीभर पिवळंधमक कस्टर्ड जास्तच ओतायच्या, वर जाड साय धरलेलं. रव्याचं पुडिंग असलं की चंगळच, आपली खीरच ती, वर जॅमचा ठिपका!

या कस्टर्डात अंडं नसायचं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७मध्ये मक्याच्या पिठाची ही पावडर केली, कारण बायकोला अंडं सोसत नव्हतं. मैत्रिणींनो, एका नवऱ्याने बायकोची अडचण ओळखली, म्हणून परमुलखात माझी वाटी रिकामी राहिली नाही!